साच्यापाशी कोण बसलंय

अण्णांच्या घशातली नळी सकाळी दहाला निघाली तेव्हा सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला, आणि दुपारी दोनला तो पुन्हा टांगणीला लागला. पलंगाच्या उशाशी असलेल्या यंत्रावरचा निळा आकडा पंच्याण्णववरून एक्क्याण्णववर आला, मग अठ्ठ्याऐंशीवर, आणि तिथून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, एक पायरी, जरा थांबून दुसरी पायरी, असा खालीच यायला लागला. रक्तात प्राणवायू किती, एवढंच तो आकडा सांगत होता. नव्वदच्या वर असावा, हे आता घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं.

तीन दिवसांपूर्वी भट्टीच्या ओट्यावर उभे असताना अण्णांच्या पाठीत एकाएकी अशी कळ आली, की जन्मात कधी आवाज न चढवलेला हा माणूस ओरडून खाली बसला. हृदयातून निघणारी मोठी धमनी आतल्या बाजूने फाटली होती. दोन तासांत छाती उघडली, सात तास शिवणकाम चाललं, आणि फाटक्या जागी कापडाची नळी घालून डॉक्टरांनी अण्णांना परत दिलं. एवढ्या अग्निदिव्यातून निघालेला माणूस आता साध्या श्वासाला महाग झाला होता.

बाहेरच्या दालनात भिंतीला लागून खुर्च्या होत्या. त्यांतल्या चार या घराने तीन दिवस अडवून ठेवल्या होत्या. आई कडेच्या खुर्चीत, पदर खांद्याभोवती घट्ट ओढून. तिच्या शेजारी वहिनी. धाकटी खिडकीपाशी, हनुवटीवरचा भाजल्याचा जुना डाग अंगठ्याने चोळत. आणि दादा उभा. दादा काळजीत असला की बसत नाही आणि गप्पही बसत नाही.

"अण्णांची छाती म्हणजे भाता आहे, भाता!" तो समोरच्या अनोळखी गृहस्थांना सांगत होता. "चार पिढ्या आम्ही काच फुंकतोय. बासष्टाव्या वर्षी माझा बाप एका दमात दीड हात उंचीची बरणी फुगवतो. हे बघा." आणि त्याने मोबाइलवर बरणीचं छायाचित्र दाखवलं. हिरवट, गोल पोटाची, बुडाला अण्णांचा शिक्का. त्या गृहस्थांनी आपल्या दुःखातून वेळ काढून मान डोलावली.

धाकटीने नजर खिडकीबाहेर वळवली. ती बरणी तिने फुंकली होती.

दोन वर्षं होत आली या गोष्टीला. रविवारी कामगार नसायचे, भट्टी मात्र कधी विझवायची नसतेच. त्या दिवशी बापलेक कारखान्याचं दार आतून लावून घ्यायचे. ती ओट्यावर उभी राहून फुंकणी तोंडाला लावायची, आणि अण्णा खाली साच्यापाशी स्टुलावर बसायचे. 'बाई आणि वारा भट्टीपाशी नको' हे ज्या कारखान्यात लहान पोरालाही पाठ, तिथे. कारण अण्णांचा दम संपला होता. शहरातल्या कुणालाही न दाखवता ते तिला घेऊन दूरच्या एका डॉक्टरकडे गेले होते. तिथे काढलेल्या एक्स-रेवर दोन्ही फुफ्फुसं गारा पडल्यासारखी ठिपक्याठिपक्यांनी भरलेली दिसली. चाळीस वर्षांची काचेची धूळ. परतीच्या वाटेवर अण्णांनी तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. दादाला नाही, कुणालाच नाही. फुंकणाऱ्याचा दम गेला हे कळलं, की त्याच्या भट्टीवर लोक थुंकतात."

आईला मात्र तिला काही सांगावं लागलंच नाही. मुलीच्या ओठांवरचे फोड आईने पाहिले आणि एक्स-रेचं पाकीट आपल्या कपाटातल्या कागदाखाली सरकवलं.

"नातेवाईक?"

छातीच्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, चष्मा केसांवर चढवलेला, तीन दिवसांत झोप न झाल्याने डोळ्यांखाली काळं. सगळे उठले.

"मला एक कोडं सुटत नाहीये," त्या म्हणाल्या. "धमनीचं काम उत्तम झालंय. हृदय चांगलं चाललंय. पण प्राणवायू रक्तात पोचत नाही. छातीच्या चित्रात दोन्हीकडे ठिपके आहेत. ते नवे असतील, तर मी आत्ताच नळी पुन्हा घालते आणि जोराची औषधं सुरू करते. जुने असतील, तर गोष्ट वेगळी. जुनाट फुफ्फुसात नळी घालणं सोपं असतं, काढणं अवघड. पुष्कळदा ती निघतच नाही. म्हणून परत विचारते. यांना छातीचा जुना काही त्रास? धाप? आधीचा एखादा एक्स-रे?"

"छे!" दादा म्हणाला. "जुना कसला? अहो, ही बरणी बघा..."

"बघितली मी परवा. तुम्ही सगळ्यांना दाखवलीत." त्या रागावल्या नव्हत्या, फक्त दमल्या होत्या. "मग नवेच म्हणायचे. पाचपर्यंत बघते. पाचला आकडा वर नसेल, तर नळी."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले होते.

"आणि ते भ्रमात आहेत," जाता जाता त्या म्हणाल्या. "प्राणवायू कमी पडला की असं होतं, घाबरू नका. पण एक विचित्र आहे. श्वास घ्या म्हटलं की ते सोडतातच. गाल फुगवून मास्कमध्ये फुंकत राहतात. सकाळी सिस्टरने तीन गोळ्यांचं ते यंत्र दिलं, हवा ओढून गोळे वर उचलायचं. त्यातही फुंकलं."

"फुंकणाऱ्यांच्या घरात ओढायला शिकवणार कोण?" दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी एकेकाला भेटायची परवानगी दिली. आधी दादा गेला, आणि पाच मिनिटांत परत आला. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"ओळखलं का रे?" आईने विचारलं.

"ओळखलं. मला म्हणाले, 'सरक, साचा दिसत नाही.'" दादा आता पहिल्यांदा खुर्चीत बसला. "माझ्याकडे बघतच नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी बघत होते. तिथे एक रिकामं स्टूल आहे. त्याच्याकडे, म्हणजे त्याच्यावर, कोणी बसलं असेल तर त्याच्या तोंडाकडे बघावं ना, तसं."

आईने डोळे मिटून घेतले.

"सकाळी मला म्हणाले, बाबांना चहा दे," ती हळूच म्हणाली. "एकोणचाळीस वर्षं झाली मामंजींना जाऊन. आणि यांनी असं सांगितलं, की मी खरंच वळून बघितलं. मी आत जाणार नाही आता."

मामंजी म्हणजे अण्णांचे वडील, त्यांना सगळा कारखाना थोरले म्हणायचा. धाकटीने त्यांना फक्त तसबिरीत पाहिलं होतं. पण गेल्या वर्षी एका रविवारी अण्णांनी तिला त्यांच्याबद्दल जे सांगितलं होतं, ते आई सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आठवून ती उठली आणि वहिनीला बाजूला घेऊन गेली. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, दोघींचं जेमतेम पटत आलं होतं. पण या घटकेला आई आणि दादा सोडून तिसरं माणूस तेवढंच होतं. तिने दोन मिनिटांत रविवारची फुंकणी, काचेची धूळ, आईच्या कपाटातला एक्स-रे, सगळं सांगून टाकलं. शपथ मोडली हे तिला सांगून झाल्यावर लक्षात आलं.

वहिनीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, कपाटाची किल्ली द्या."

आई समजली. तिने मुलीकडे असं पाहिलं की धाकटीला लहानपणी मार खाताना वाटायचं तसं वाटलं.

"बोललीस?"

"वहिनीशी. अजून डॉक्टरांशी नाही."

"गळ्याची शपथ आहे ती," आई म्हणाली. "मोडली की ज्याची घेतली त्याच्या जिवावर येते. त्याचा गळाच बघ आता कुठे अडकलाय! आणखी एक शब्द बोललीस तर यांचं काही बरं-वाईट होईल, आणि ते मी तुला या जन्मात माफ करणार नाही."

"शपथ घालणारा माणूस आत गुदमरतोय आई, आणि तुम्ही शपथेला जपताय?" वहिनी म्हणाली.

"कसली शपथ?" दादा म्हणाला. "कसली किल्ली?"

आईने कमरेची किल्ली काढून मुठीत धरली, पण मूठ उघडली नाही. वहिनीने सासूची बोटं एकेक करून सोडवली, हळुवार, बाळाच्या मुठीतून खडा काढावा तशी, आणि जिना उतरून गेली. घरी जाऊन यायला पाऊण तास लागणार होता. धाकटी दार ढकलून आत शिरली.

आत ऊन नव्हतं, अंधारही नव्हता. जाड पडद्यांतून गाळून आलेला राखाडी उजेड सगळीकडे सारखा पसरला होता, त्यामुळे कशाचीच सावली पडत नव्हती. अण्णा उशांना टेकून अर्धवट बसवलेले. छातीवर उभी पट्टी, कुशीतून निघालेल्या नळ्या, तोंडावर मास्क. आकडा: चौऱ्याऐंशी.

ती पलंगाजवळ गेली आणि तिथेच थबकली. अण्णांचे गाल फुगले होते. ओठ गोल. दोन्ही हातांनी चादरीची कड धरून ते ती सावकाश, एकसारखी गोल फिरवत होते, अंगठा वर, बोटं खाली. मास्कच्या आतून लांबच लांब श्वास बाहेर येत होता. तो संपेना. संपला तरी ते पुढचा घेईनात, गालांतल्या गालांत उरलेलं पुढे ढकलत राहिले, आणि अगदी डोळे पांढरे व्हायच्या बेताला एक इवलासा घुटका घेऊन पुन्हा फुंकू लागले. डोळे मात्र पायथ्याच्या स्टुलावर.

डॉक्टर याला भ्रम म्हणत होत्या. आणि दादा पंधरा वर्षं माल बांधायच्या खोलीत होता, त्याला ओळखू आलं नाही. धाकटीला एका नजरेत कळलं. अण्णा काम करत होते. साचा मोठा होता, दीड हातापेक्षाही मोठा, आणि तो भरत नव्हता.

"ते स्टूल तेवढं बाजूला घ्या हो," सिस्टर औषधाची सुई भरता भरता म्हणाली. "दोनदा हलवलं मी. कोण परत तिथे ठेवतं देव जाणे. माझ्या पायात येतं."

धाकटीने स्टुलाला हात लावला नाही.

काच फुंकणारा ओट्यावर उभा असतो आणि साचा त्याच्या पायाखाली बंद असतो. आतली काच कुठवर पोचली हे त्याला दिसत नाही. ते साच्यापाशी बसणारा बघतो. काच काठोकाठ भिडली की तो ओल्या लाकडी पट्टीने साच्यावर दोनदा वाजवतो, टक टक, आणि मगच फुंकणारा तोंड काढून श्वास घेतो. त्याआधी घेतला तर काच चिरते. 'फुंकणारा आंधळा, साचेवाला त्याचे डोळे,' असं कारखान्यात म्हणायचे. आणि अण्णांनी त्या रविवारी सांगितलं होतं, की थोरले मुलासाठी कधीच वेळेवर वाजवायचे नाहीत. काच भरून गेली तरी गंमत बघत बसायचे. दम कमावला पाहिजे म्हणायचे. अण्णा एकोणीस वर्षांचे असताना नाकातून रक्त येऊन ओट्यावरून पडले, तेव्हा कुठे त्यांनी पट्टी उचलली. आणि अण्णा तेवीस वर्षांचे असताना, भर दुपारी, थोरले साच्यापाशी बसल्या बसल्या गेले. पट्टी हातात होती. डोळे उघडे होते. अण्णांना वाटलं, नेहमीचंच. ते फुंकत राहिले. टक टकची वाट बघत शुद्ध हरपेपर्यंत फुंकत राहिले.

"अण्णा," ती वाकून म्हणाली. "मी आहे. धाकटी."

"अजून वाजवत नाहीत," मास्कमधून घोगरा आवाज आला. तक्रार नव्हती त्यात. एकोणीस वर्षांच्या मुलाचा, मार खाऊन शहाणा झालेला आवाज. "बघतायत फक्त."

तिने पलंगाच्या कठड्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. अण्णांनी ऐकलंच नाही. लोखंडाचा आवाज होता तो, आणि उशाशी होता. साचेवाला खाली असतो. आकडा त्र्याऐंशी झाला.

टेबलावर जीभ दाबून बघायच्या लाकडी पट्ट्या होत्या. तिने एक उचलली, पाण्याच्या पेल्यात बुडवली आणि पलंगाच्या पायथ्याशी गेली. तिथे हात न्यायचा म्हणजे स्टुलाच्या अगदी जवळून न्यायला हवा होता. तिथली हवा वेगळी होती. खोलीभर गार, आणि तेवढ्या जागी भट्टीच्या तोंडाशी असतो तसा कोरडा उबारा. ती भ्यायली. खोटं कशाला, तिला पळून जावंसं वाटलं. पण तिने हात लांब केला आणि पायथ्याच्या फळीवर ओली पट्टी वाजवली.

टक टक.

अण्णांचे गाल खाली बसले. तोंड उघडलं. आणि बरगड्या उचलत, छातीवरची पट्टी ताणत, त्यांनी असा श्वास घेतला की सिस्टरच्या हातातली सुई थांबली. ते कण्हले, शिवलेली छाती दुखली असणार. पण दुसऱ्याच क्षणी पुन्हा गाल फुगले, हात फिरू लागले. तिने पाचापर्यंत मोजलं आणि पुन्हा वाजवलं. पुन्हा श्वास. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. तिने एकदा मुद्दाम हात आवरून पाहिलं. अण्णा फुंकत राहिले, थांबले नाहीत, आणि आकडा लगेच एक पायरी उतरला.

"हे काय चाललंय?" डॉक्टरीणबाई कधी आत आल्या ते तिला कळलं नाही. त्यांच्या मागे, काचेच्या दाराशी, दादा उभा होता.

"त्यांना श्वास घ्यायला सांगतेय," धाकटी म्हणाली. हात थांबला नाही. "त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत कळणार नाही."

"तुला कसं माहीत?" दादा म्हणाला. "तू कधी साच्यापाशी बसलीस?"

"मी साच्यापाशी नाही बसले. ते बसायचे. मी फुंकायचे." टक टक. आता मागे फिरायला वाटच नव्हती. "डॉक्टर, ते ठिपके जुने आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेवर सगळे आहेत, वहिनी आणायला गेलीय. काचेची धूळ आहे. जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. त्या डॉक्टरांच्या यंत्रावर बसल्या जागी त्यांचा आकडा नव्वदच्या वर गेला नव्हता. ती बरणी त्यांची नाही, माझी आहे."

ती बोलून संपली आणि यंत्र किंचाळलं. ब्याऐंशी. एक्क्याऐंशी. अण्णांचा हात चादरीवरून सुटून गळ्याशी गेला. आईचा शब्द तिच्या कानात वाजला आणि क्षणभर तिची खात्रीच झाली, की आपण बापाला मारलं.

"वाजवा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "थांबू नका, वाजवा!"

तिने वाजवलं. टक टक. टक टक. डॉक्टरीणबाईंनी मास्क काढून दुसरा, तोंडावर घट्ट बसणारा, हवा आत ढकलणारा लावला, पलंग आणखी उभा केला, सिस्टरला म्हणाल्या की ती गुंगीची सुई परत ठेव, या फुफ्फुसाला गुंगी परवडायची नाही. मग धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "मी त्यांना पंच्याण्णववर न्यायला बघत होते, जिथे हा माणूस स्वतःच्या दमावर कित्येक वर्षांत गेलेला नाही! अठ्ठ्याऐंशी मिळाले तरी मला पुरे. हे आज सकाळी सांगितलं असतंत तर?"

"शपथ होती," ती म्हणाली. मोठ्याने म्हटल्यावर ते किती लहान वाटलं.

एक्क्याऐंशीवर आकडा बराच वेळ घुटमळला. मग चौऱ्याऐंशी. पाचला दहा कमी असताना सत्त्याऐंशी. वहिनी धापा टाकत पाकीट घेऊन आली, डॉक्टरीणबाईंनी खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "नळी घालत नाही. असंच चालू दे. पण कुणीतरी बसायला हवं, रात्र होईपर्यंत. आणि या पाकिटाच्या नोंदीवर सही हवीय, खालच्या मजल्यावर."

"मी बसतो," दादा म्हणाला.

त्याने तिच्या हातातून पट्टी घेतली. पहिल्यांदा त्याने फार लवकर वाजवलं. तिने त्याचं मनगट धरून ठेवलं, पाच मोजले, आणि सोडलं.

"दोन वर्षं?" तो पुटपुटला.

"हो."

"मी जगभर दाखवत सुटलो ती बरणी!" तो हसला, आणि डोळे पुसले. "मी पहिल्यांदा ओट्यावर चढलो, नाकातून थेंबभर रक्त आलं, आणि अण्णांनी मला खाली उतरवलं. परत कधी बोलावलं नाही. मी म्हटलं, संपलं, माझ्यात दम नाही म्हणून बापाने टाकलं मला."

"थेंबभर रक्त दिसलं म्हणूनच उतरवलं," धाकटी म्हणाली. "त्यांना स्वतःला कोणी उतरवलं नव्हतं, दादा."

त्याने पाच मोजले. टक टक, वाजवलं. या वेळी अगदी बरोबर.

सहीसाठी धाकटीला खाली एका खिडकीवरून तिसऱ्या खिडकीवर फिरावं लागलं, आणि मग बाहेर वहिनीने आईला काय झालं ते सांगण्यात आणखी वेळ गेला. आईने ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "आहेत ना?" धाकटीने मान डोलावली. तेव्हा आईने तिला जवळ ओढलं, आणि हनुवटीवरच्या त्या डागावर, ज्याच्याकडे ती दोन वर्षं बघायचं टाळत होती, अंगठा ठेवला.

धाकटी वर परतली तेव्हा सहा वाजायला आले होते. दार उघडायच्या आधीच तिला आवाज आला. टक टक. संथ, ठाम, जराही घाई नाही. शिकला दादा, तिच्या मनात आलं, रक्तातच आहे शेवटी. ती पडदा सारून आत गेली.

दादा भिंतीपाशी खुर्चीत, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. पट्टी त्याच्या पायाशी पडलेली. कोरडी ठणठणीत.

टक टक.

अण्णांनी खोल श्वास घेतला. त्यांचे दोन्ही हात चादरीवर पालथे, स्वस्थ पडले होते. आकडा: नव्वद.

"झोपलेत ना तुमचे भाऊ?" सिस्टर आपल्या टेबलावरून मान वर न करता म्हणाली. "केव्हाचेच. पण आकडा छान राहिला म्हणून मी उठवलं नाही बाई."

पलंगाच्या पायथ्याशी स्टूल होतं. रिकामं. धाकटीने पडदा मुठीत धरला. पुन्हा वाजलं, पायथ्याच्या फळीवर, ओल्या लाकडाचा तो बसका आवाज, आणि इतक्या वेळेवर, की याहून वेळेवर वाजवणारा साचेवाला तिने पाहिला नव्हता. जिवंत माणसांतला तर नाहीच. तिला भीती वाटली, आणि मग त्या भीतीच्या खालून राग वर आला.

"फार उशीर केलात," ती स्टुलाकडे बघून म्हणाली. हळूच, सिस्टरला ऐकू जाणार नाही असं. "चाळीस वर्षं वाट बघितली त्यांनी."

काही हललं नाही. तिने पट्टी उचलली आणि पेल्यात बुडवली.

"उठा आता, थोरले. इथे मी बसते."

टक टक थांबली. अण्णांचा श्वास अर्ध्यावर थबकला. ती पुढे झाली आणि स्टुलावर बसली. लोखंडी बैठक गरम होती, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. तिने पाच मोजले आणि वाजवलं.

अण्णांनी श्वास घेतला. मग डोळे उघडून पायथ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि ती नजर या वेळी तिच्याच चेहऱ्यावर येऊन थांबली.

"गेले?" त्यांनी विचारलं.

"गेले," ती म्हणाली, आणि पुढची टक टक दिली.